पायांच्या कुंडातली खिचडी

सौदीतल्या खफजीत मराठी घरं मोजकीच. कुवेतची हद्द हाकेच्या अंतरावर, एका बाजूला समुद्र आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना वाळू. अशा गावात प्रत्येकाला काही ना काही नाव पडतंच. बाळकृष्ण नेवाळकरांना पडलं होतं ‘स्वस्तात मस्त’. ते तेलाच्या कंपनीत इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होते, मूळचे नाशिकचे, आणि आपलं हे नाव ते कौतुकानं मिरवत. त्यांच्या बायकोला, सुहासिनीला, मात्र गेली एकोणीस वर्षं ते नाव ऐकलं की हसावं लागे. हसण्याची तिला सवयच झाली होती.

सुहासिनी इथल्या भारतीय शाळेत विज्ञान शिकवायची. पगार नवऱ्याच्या हाती जायचा. त्यात तिला वावगं काही वाटत नव्हतं, कारण माणूस व्यसनी नव्हता, आणि नाशिकला घरही त्यानंच उभं केलं होतं. विमानातल्या साखरेच्या पुड्या घरी येत, हॉटेलातले साबण येत, दुसऱ्याच्या गाडीतून दम्मामला जाताना पेट्रोल भरायच्या वेळी नेमकी झोप लागे. सुहासिनी म्हणायची, असतो एकेकाचा स्वभाव.

तिनं आयुष्यात एकच मोठा हट्ट धरला, तो जपानचा. वर्गात ज्वालामुखी शिकवताना ती मुलांना गरम पाण्याच्या झऱ्यांबद्दल सांगायची. एकदा त्या पाण्यात बसावं, एवढीच इच्छा. शेवटी ईदच्या सुटीत ती, बाळकृष्ण आणि पंधरा वर्षांची तन्वी निघाले. टोकियोहून आगगाडीनं दोन तासांवर डोंगरातलं एक झऱ्यांचं गाव होतं. तिथे दोन दिवसांचा एक पास मिळे. त्यात डोंगरातली छोटी गाडी, बस, रोपवे, तळ्यातली होडी सगळं आलं. बाळकृष्णांनी महिनाभर हिशेब केला होता. पास खरोखरच फायद्याचा होता. त्यांनी तिघांत दोनच घेतले.

त्या प्रवासात काय काय घडलं ते खफजीत सगळ्यांना कळलं, कारण परत आल्यावर पुढच्याच महिन्यात बाळकृष्णांनी शुक्रवारी दुपारी घरी जेवण ठेवलं आणि टीव्हीवर फोटो लावले. जेवण म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा होता. पुण्याचा इंद्रनील आला होता, त्याचं लग्न ठरलं होतं आणि त्याला जपानला जायचं होतं. सुहासिनीच्या शाळेतली अफशाँ मुकादम आली होती, श्रीवर्धनची. आणखी दोन-तीन कुटुंबं होती.

फोटोत रस्त्याच्या कडेला दगडी बाक होते आणि मधोमध वाफाळतं पाणी. येणाऱ्या-जाणाऱ्यानं बसावं, पाय सोडावेत, थकवा घालवावा, अशी गावानं केलेली फुकट सोय.

“आता ही आयडिया लिहून घ्या,” बाळकृष्ण म्हणाले. “तिथं जेवायला गेलात की कापतात. मी इथून तयार खिचडीची पाकिटं नेली होती. गरम कशावर करायची? हे काय, समोर. पाकीट सीलबंद, पाणी फुकट. पंचवीस मिनिटं बुडवून ठेवली.”

लोक हसले. सुहासिनीला मात्र ते पाणी दिसत होतं, त्यात पाकिटांशेजारी पाय सोडून बसलेलं एक वयस्कर जोडपं दिसत होतं. त्या बाईच्या टाचेला एक पाकीट तरंगत जाऊन लागलं, तेव्हा बाईनं दचकून पाय वर घेतले. दोघं पाय पुसून उठले आणि जाताना वाकून नमस्कार करून गेले. बाळकृष्णांनी पाकीट रुमालानं पुसलं, दातांनी फोडलं आणि तिच्यापुढे धरलं. दातांनी. तिनं खाल्ली होती ती खिचडी. कोमट, मध्ये गार गोळा राहिलेली.

“आणि रोपवेची तर गंमतच,” बाळकृष्ण पुढे सांगू लागले. “दोन पास, माणसं तीन. आधी मी आणि तन्वी आत गेलो. मग तन्वीचा पास कठड्यावरून हिच्याकडे द्यायचा. पण त्याआधीच तिथल्या म्हाताऱ्यानं हिला अडवलं. मी म्हटलं, बायकोचा पास हरवलाय. बिचारा इतका सज्जन की त्यानंच माफी मागितली आणि फुकट सोडलं हिला.”

तन्वी जेवणाचं ताट घेऊन उठली. “पापा, आय ॲम नॉट लिसनिंग टू धिस अगेन,” म्हणाली आणि खोलीत गेली.

इंद्रनील हसत म्हणाला, “म्हणजे काका, ही ट्रिक चालते तर.”

“चालते म्हणजे, धावते.”

“पुढचं सांगा ना,” सुहासिनी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून पहिल्यांदा कोणाचं लक्ष गेलं नाही. “सोडल्यावर काय झालं ते सांगा.”

“काय झालं? वर गेलो आपण.”

“लगेच नाही गेलो.” ती पाहुण्यांकडे वळली. “त्या माणसाला वाटलं, पास खरंच हरवलाय. सत्तरीचा असेल. त्यानं बॅटरी आणली, गुडघ्यांवर बसला आणि बाकांखाली शोधायला लागला. पंधरा मिनिटं. मध्येच मला विचारलं, मॅडम, कुठे ठेवला होता? मी पर्सचा हा कप्पा दाखवला. नसलेल्या पासाचा कप्पा दाखवला मी त्याला. त्यानं आणखी शोधलं. पँटच्या गुडघ्यांना माती लागली होती त्याच्या.”

कोणी हसलं नाही. बाळकृष्ण म्हणाले, “अगं, त्याचं कामच आहे ते. पगार मिळतो त्याला.”

“मला किळस येते,” सुहासिनी म्हणाली. “तुमची येते, आणि तुमच्यापेक्षा माझी जास्त.”

इंद्रनीलनं ताटात मान घातली. कोणीतरी भाजीचं कौतुक केलं. तासाभरात सगळे गेले, रोजच्यापेक्षा लवकर.

बाळकृष्णांना आपलं काय चुकलं ते कळलंच नाही. चार लोकांत बायकोनं पाणउतारा केला, एवढंच त्यांना कळलं. “एकोणीस वर्षं याच पैशानं घर झालं ना?” असं ते म्हणाले. ते खरंच होतं. रात्री जेवताना त्यांनी दातांनी लोणच्याची पुडी फोडली आणि ती ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली. त्या दिवसापासून ती तिथेच जेवू लागली. महिनाअखेरीला तिनं पगाराचं कार्ड आपल्याकडे ठेवलं. घरखर्चातला वाटा वेळेवर द्यायची. बाकीचं विचारू दिलं नाही. बाळकृष्ण तिच्याशी ऑफिसात बोलतात तसं बोलू लागले.

एका दुपारी शाळेत अफशाँ तिच्याजवळ येऊन बसली.

“ताई, रागावू नका. मला अम्मीला न्यायचंय तिकडे. अम्मीचे गुडघे गेलेत. पण पैसे बेताचे आहेत. इमानानं स्वस्तात होतं का ते?”

सुहासिनीनं वही ओढली. तिला सगळं पाठ होतं, महिनाभर तोच हिशेब कानांवर पडला होता. मधल्या वारी जा, शनिवार-रविवारी खोलीचं भाडं दीडपट असतं. पास माणशी एक घे, तरी तो वसूल होतो. जड बॅग स्टेशनवर ठेव. स्टेशनातल्या दुकानातून भाताचे भरलेले त्रिकोण घे, पण आत कसलं मांस आहे ते विचारून. टॉवेल घरचा ने. रोपवे वाऱ्यानं बंद पडतो, म्हणून वर सकाळीच जा.

मग ती थांबली. “तिथे सगळ्या बायका एकत्र, कपड्यांशिवाय उतरतात. तुझ्या अम्मीला, हफीजा मावशींना, चालणार नाही. तासावर खासगी कुंड मिळतं, दार लावून. ते महाग आहे. तिथे मात्र हात आखडू नकोस. बाकी सगळं वाचवतेस ते त्यासाठीच.”

“तुम्ही बसलात?”

“बावीस मिनिटं. पासावर चालणारी शेवटची बस गाठायची होती.”

डिसेंबरच्या सुटीत मायलेकी गेल्या. एका शुक्रवारी दुपारी सुहासिनी पोळ्या करत होती आणि फोनवर अफशाँनं रेकॉर्ड केलेला निरोप आला, पाठीमागे पाण्याचा आवाज. “ताई, अम्मी बाहेर यायलाच तयार नाही. म्हणते, माझे पाय मला परत मिळाले. दुसरा तास घेतला मी. बिल चांगलंच वाढलं, पण घेतला.” मागून हफीजा मावशी काहीतरी बोलल्या आणि दोघी हसत सुटल्या.

सुहासिनीनं तो निरोप पुन्हा लावला. बाळकृष्ण पाणी प्यायला आत आले होते, दारातच थांबले.

“दोन तासांचे किती घेतले त्यांनी?” त्यांनी विचारलं.

“विचारलं नाही,” सुहासिनी म्हणाली आणि तव्यावरची पोळी उलटली.