सायकल काढ!

लतिका चौबळ डीमन या डच गावात पाचव्या मजल्यावर राहायची आणि हूफडॉर्पच्या एका कंपनीत इतरांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायची. शेजारी राहणारा कुरासाव बेटावरचा रुडसेल रोज आपली सायकल तिच्या दारात आडवी लावायचा. एका शनिवारी तिचा पारा चढला. डच सुचेना, इंग्रजी पुरेना, मग तिने त्याला मराठीतच झोडपलं, "सायकल काढ, सायकल काढ, माझ्या दारातनं सायकल काढ!" माफी मागायची सोडून हा पठ्ठ्या कठड्यावर बोटांनी ताल धरून उभा. म्हणाला, "पुन्हा ओरड ना."

रुडसेल डान्सहॉलची गाणी बनवायचा, म्हणजे जमैकाकडची, जाड ठेक्यावर अर्धं बोलायची आणि अर्धं गायची. स्टुडिओ म्हणजे इमारतीच्या तळघरातली अडगळीची खोली, भिंतींवर जुन्या रजया टांगलेली. तिथे लतिकाने तीच ओळ गळा मोकळा सोडून गायली. पुण्यात गाणं शिकलेल्या या बाईला मराठी मंडळात वर्षानुवर्षं कोरसमध्ये मागच्या रांगेत उभं करत होते. त्या खोलीतून बाहेर आली ती तीच ओळ गुणगुणत पाच मजले चढून गेली.

मागच्या रांगेचे शिल्पकार म्हणजे मंडळाचे सांस्कृतिक प्रमुख वासुदेव आपटे. यांच्या घरातल्या पेटीची खोळ कुणी काढलेली पाहिली नाही, पण सूर कुणाचा लागतो नि कुणाचा नाही हे यांनी सांगायचं. टिलबर्गच्या एका हॉलमध्ये रुडसेलच्या बेटावरच्या लोकांपुढे गाणं पहिल्यांदा वाजणार होतं, तेव्हा हे गृहस्थ न बोलावता लतिकासोबत गेले. "आपली संस्कृती कुठे चाललीये ते बघायला नको?"

गाणं सुरू झालं. लतिकाची ओळ आली मात्र, लोक किंचाळायला लागले, भिंतींवर थापा मारायला लागले. गाणी लावणाऱ्याने गाणं तिथेच बंद केलं.

"पाडलं, वहिनी," वासुदेवराव म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं. "चला, आणखी शोभा नको."

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये असंच पाडतात, हे लतिकालाही माहीत होतं. ती उठली. दाराबाहेर पोचतात तो आत पुन्हा ठेका सुरू झाला. "दुसरंच काहीतरी लावलं असणार," वासुदेवराव म्हणाले, आणि बाकी चुका काढण्यात पटाईत असलेल्या या बाईने तेवढं मुकाट्याने मान्य केलं! घरी येऊन तिने रुडसेलला मेसेज केला, माझं नाव काढून टाक. त्याने दार वाजवलं, तिने उघडलं नाही. सायकल मात्र त्या दिवसापासून दारातून गेली.

गाण्यावर तिच्या नावाच्या जागी रुडसेलने 'बुर्फ्राउ' लिहिलं, म्हणजे शेजारीणबाई. पुढे गाणं देशभर गाजलं. जत्रेत वाजलं, शाळेच्या सहलीत वाजलं, सायकलींच्या गर्दीत पोरं तिची ओळ ओरडत जायला लागली. लोक आपल्यालाच हसतात असं समजून लतिका कानात बोळे घालून ऑफिसला जायची. आणि वासुदेवराव? ज्या गाण्याला धांगडधिंगा म्हणाले, त्यावरच विसर्जनाला कंबर हलवायला लागले. गायिका कोण, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "असेल कुणीतरी इथली सुरीनामी बाई, मराठी पाठ करून गायलेली."

यंदा मंडळाने रुडसेलला शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं. लतिका वड्यांचा ट्रे घेऊन भिंतीशी उभी होती. रुडसेल इंग्रजीत बोलला, "आमच्याकडे गाणं फार आवडलं की लोक ते पुढे जाऊच देत नाहीत. भिंती बडवून थांबवतात, पहिल्यापासून लावायला लावतात. नव्या गाण्याच्या नशिबी हे सहसा नसतं. टिलबर्गला मात्र लोकांनी हे पुन्हा पुन्हा थांबवलं. माझी शेजारीण तोवर निघून गेली होती."

लतिका ट्रेसकट भिंतीपासून पुढे आली. इतकी वर्षं लाज म्हणून जे गिळलं, तो तिचा मान होता.

वासुदेवरावांनी माइक ओढला. "पाहुणे म्हणतात, मंडळाचे ते अत्यंत ऋणी आहेत." इंग्रजी न कळणारं सभागृहात एक माणूस नव्हतं, पण टाळ्या पडल्या. "आता ते गाणं ऐकू या!"

गाणं लागलं. लतिका ट्रे ठेवून लॅपटॉपपाशी गेली, आपली ओळ येऊ दिली आणि खटकन गाणं बंद केलं.

"अहो वहिनी! बंद का केलंत?"

"आवडलं म्हणून," लतिका म्हणाली, गाणं पहिल्यापासून लावलं आणि त्यांच्या हातातला माइक काढून घेतला.