लेकरं उठून गेली ते पान

"दार लावू नका. ज्याले जायचं त्याले जाऊ द्या."

पुस्तक उघडायच्या आधी गुरुजींचं हे वाक्य ठरलेलं. मराठी शाळेतून रिटायर झाल्यावर ते एका मासिकात मुलांच्या पुस्तकांची परीक्षणं लिहीत. नवं पुस्तक आलं की मावला गावातल्या आपल्या ओसरीवर गल्लीतली लेकरं जमवून आधी त्यांना वाचून दाखवायचं, आणि ज्या पानावर पहिलं लेकरू उठून जाईल तिथे पेन्सिलीने फुली मारायची, ही त्यांची रीत.

"लेकरू खोटं कौतुक करत नाही, ताई. ते सरळ पतंग उडवाले जाते."

तुम्ही म्हणाल, हे फारच कडक झालं. मला मात्र मौज वाटायची. माझं पुस्तक येईपर्यंत.

गोष्टी सांगण्यात मी आमच्या घराण्यात नावाजलेली. लग्नघरी पोरं माझ्याच भोवती. त्यांची आवडती गोष्ट तलमडुगू गावच्या आत्याची. ही आत्या कापसाच्या ढिगात झोपते, कापसासकट गाडीत भरली जाते आणि गुडीहत्नूरला व्यापाऱ्याच्या वजनकाट्यावर जागी होते. "आदी माहा भाव सांग, मंग खाली उतरीन," म्हणते.

छापायची वेळ आली तेव्हा मला आमची आत्या गावंढळ वाटली. मी तिची राजकन्या केली, कापसाची शय्या केली, व्यापारी काढून ऋषी घातले. शेवटी तात्पर्य. मासिकात दोन चांगल्या ओळी आल्या की जावेला दाखवायच्या, एवढीच आस होती. वाचनाला नवी साडी नेसून गेले.

दुसऱ्या पानावर ऋषी बोलू लागले आणि एक पोरगी उठली. माझीच भाची.

"मावशी, पाणी पिऊन येते."

ती आली नाही. तिच्या मागे एकेक करून सगळी पाणी प्यायला गेली. उरलो मी आणि गुरुजी. त्यांनी तात्पर्यसुद्धा मला पूर्ण वाचून दाखवलं. मग चष्मा काढला.

"ताई, ते काट्यावरची आत्या कुठं गेली? तुमच्या भाचीनं सांगतली मले. तिले काऊन हाकललं?"

"पुस्तकात तसं बरं दिसत नाही, गुरुजी."

"कोनाले?"

मी साडीचा पदर नीट करत बसले.

परीक्षण आलं. 'लेखिकेकडे एक चांगली गोष्ट आहे. ती या पुस्तकात नाही.' दोन ओळी हव्या होत्या, दोनच आल्या. जावेने त्या पाठ केल्या.

पुढे बाजारात भेटले की गुरुजी लांबूनच विचारायचे, "जयभीम ताई. आत्या आली का?"

"येईल, गुरुजी."

"आना लवकर. मी वाट पाहून राह्यलो."

मी दर वेळी हसायचे. घरी येऊन कागद घ्यायचे आणि आत्या काट्यावर बसली की मला पुण्या-मुंबईचे वाचक दिसायचे. कागद तसाच राहायचा.

गेल्या हिवाळ्यात गुरुजी गेले. शोकसभेत मला बोलायला उभं केलं. समोर सतरंजीवर त्यांच्या ओसरीवरची लेकरं बसली होती, माझ्याकडे बघत. मी म्हणाले, "बालसाहित्याच्या क्षितिजावरील एक तेजस्वी तारा निखळला." असं आणखी बरंच म्हणाले. मोठ्या माणसांनी माना डोलावल्या.

खाली आले तेव्हा गुरुजींच्या बायकोने माझ्या हातात चहा दिला.

"चांगलं बोलल्या, ताई," त्या म्हणाल्या. "मले काई समजलं नाई. पन चांगलं बोलल्या."