आईचा मॉनिटर

लातूर जिल्हा नवा झाला, तेव्हा आईला तिथल्या मोजणी ऑफिसात ट्रेसरची नोकरी लागली. जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेले गावांचे नकाशे घड्यांवर फाटले होते. त्यांच्यावर पारदर्शक कापड अंथरायचं आणि प्रत्येक बांध, ओढा, पायवाट शाईनं पुन्हा काढायची, हे तिचं काम. आमच्या घरातली ती पहिली पगारदार माणूस. रिटायर होईपर्यंत तिनं रेघाच ओढल्या.

रिटायर झाल्यावरही लोक तिच्याकडे यायचे. जुना नकाशा वाचता येणारी माणसं कमी झाली होती. माझा जुना कॉम्प्युटर मी तिला देऊन टाकला होता, डबड्यासारख्या जाड मॉनिटरसकट. लोक पेनड्राइव्हमध्ये नकाशा आणायचे, आई तो मोठा करून बघायची आणि कोणता बांध कुणाचा ते सांगायची.

मी नांदेडला ज्युनियर कॉलेजात शिकवते. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणत होते, त्या उन्हाळ्यात मी दर पंधरवड्याला पाण्याचे दोन कॅन घेऊन एसटीनं आईकडे जायची. अशाच एका शनिवारी तिनं मी चप्पल काढायच्या आधीच सांगितलं, "मॉनिटर खराब झाला. रेघा वाकवून राहिलाय. आज नवा बघू."

मी लावून पाहिला. मला काही वाकडं दिसलं नाही, पण जुना मॉनिटर, म्हटलं, असेल.

गंजगोलाईच्या बाजारातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदार पंचेचाळिशीचा, गोड बोलणारा. त्यानं आम्हाला स्टुलावर बसवलं, अर्धा-अर्धा ग्लास पाणी दिलं आणि सगळ्यात मोठ्या मॉनिटरवर रंगीत पोपटांचा व्हिडिओ लावला.

"मावशी, कलर बघा. एकेक पीस मोजून घ्या."

"पोपट नको, बाबा. हे लाव." आईनं पर्समधून पेनड्राइव्ह काढला.

त्यात निलंग्याकडच्या एका गावाचा नकाशा होता. दुष्काळामुळे गावानं वर्गणी काढून ओढा खोल करायचं ठरवलं होतं. ओढ्यात शेतं सरकली होती, म्हणून त्याची जुनी वाट कुठून होती ते त्यांना आईकडून हवं होतं. आठ दिवसांपूर्वी तिनं त्यांना छापील नकाशावर लाल पेन्सिलीनं ती आखूनही दिली होती.

आई पडद्यासमोर बसली. "याची बी रेघ मधात वाकडी हाय."

दुकानदारानं दुसरा मॉनिटर जोडला. तोही वाकडा. तिसरा महागाचा होता, तो त्यानं खोक्यातून नवा काढला. आई वाकून बघत राहिली आणि मान हलवली. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मला थोडी लाज वाटली, हे कबूल करायला हवं. मला वाटलं, आई वयानं हट्टी झाली.

शेवटी त्यानं टेबलाच्या खणातून स्टीलची पट्टी काढली आणि पडद्यावर नकाशाच्या चौकटीच्या रेघेला लावून धरली. "आता बघा, मावशी. पट्टीला चिकटून हाय का न्हाई?"

आईनं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हळू म्हणाली, "पट्टी बी वाकडी हाय."

आईनं उजवा डोळा तळहातानं झाकला, मग डावा. मग पुन्हा उजवा. ऑफिसात पेनाचं टोक तपासावं तसं शांतपणे.

"उजवा डोळा गेला वाटतं," ती म्हणाली. "तुमच्या मालात खोट न्हाई. उगं त्रास दिला."

"त्रास कशाचा," दुकानदार म्हणाला आणि पट्टी खणात ठेवून दिली.

रस्त्यावर आल्यावर मी रिक्षा शोधायला लागले. सोमवारी रजा टाकून तिला नांदेडच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं, असं मनात ठरवत होते. आईनं मला दंडाला धरून थांबवलं. "आधी त्या गावात फोन लाव. म्हणावं, ओढ्यात खोदायचं मशीन लावू नका."

फोन उचलणारा गृहस्थ म्हणाला, "बाई, मंगळवारी पूजा करून सुरू करतो आम्ही. तुमची लाल रेघ हाय ना."

"तीच चुकली असंल," आई म्हणाली. "उद्या नकाशा घेऊन या."

रविवारी तिघं जण आले. मी कॉम्प्युटरसमोर बसले, आई शेजारी. ती विचारायची आणि मी पडद्यावर बघून सांगायची. विहिरीच्या खुणेपासून रेघ कोणत्या बाजूला वळते, तिथं तुटक आहे की सलग. दोन तास गेले. एका ठिकाणी लाल रेघ ओढा सोडून एका म्हाताऱ्या विधवेच्या शेतात घुसली होती. बाकी बरोबर होती.

"एवढं तं चालतंय, बाई," त्यांच्यातला एक जण म्हणाला.

"तिच्या शेतात मशीन गेल्यावर तिला सांग, चालतंय म्हणून," आई म्हणाली. तिनं ती रेघ खोडरबरानं पुसली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. नवी रेघ मी ओढली.

डॉक्टरनं तिला चौकटींचा एक कागद दाखवला आणि डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग सुजलाय असं सांगितलं. इंजेक्शनं सुरू झाली. लातूर-नांदेड अशा आमच्या सात-आठ खेपा झाल्या. नजर आणखी बिघडायची थांबली, पण उजव्या डोळ्याची वाकडी रेघ सरळ झाली नाही. आई त्यावर रडली असेल तर माझ्यासमोर नाही.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. आईनं उजव्या डोळ्यावर रुमाल बांधला आणि चार मॉनिटर बघितले. चकचकीत काचेचे दोन तिनं लगेच बाजूला सारले. त्यात तिला स्वतःचंच तोंड दिसत होतं. न चकाकणाऱ्या पडद्याचा, चोवीस इंची, साधा काळा घेतला. दुकानदारानं तो स्वतः घरी येऊन बसवला आणि चहा घेऊन गेला.

आता नकाशा घेऊन कुणी आलं की आई त्याला आधी सांगते, "माझा एकच डोळा हाय, मुलगी येईल त्या रविवारी या." मग मी समोर बसते आणि ती विचारते. तुटक रेघ म्हणजे पायवाट, दुहेरी म्हणजे गाडीवाट, एवढं मला आता न विचारता कळतं. बांध आणि ओढा यांत मात्र माझी अजून गफलत होते, आणि ती झाली की आई मला सगळी रेघ सुरुवातीपासून परत वाचायला लावते.