किन्हीराजातल्या चिनी पुड्या

पुण्याहून गाडी सुटली तेव्हापासूनच मला वाटत होतं, ड्रायव्हर मुद्दाम हळू चालवतो आहे. चहासाठी थांबली तेव्हा सगळे उतरले, मी जागेवर बसून राहिलो. आदल्या दिवशी फोनवर ताई बोलता बोलता म्हणाली होती, "दात घासताना रगत येते, बाकी बरं आहे." ताईच्या हृदयात कृत्रिम झडप आहे आणि त्यासाठी ती रोज रक्त पातळ करणारी गोळी घेते. नागपूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, कुठूनही रक्त आलं तर दवाखाना गाठा. ताईने गाठला नव्हता. तिचा मुलगा सुरतेला नोकरीला, म्हणून मीच निघालो.

वाशीमकडच्या मालेगावला सकाळी उतरलो. एसटीला अवकाश होता. स्टँडबाहेर आलुबोंडा आणि वर ओतलेली तर्री (तिखटजाळ रस्सा) असा नाश्ता घेतला. दोन घास खाल्ले, उरलेला तसाच ठेवला. गाडी मिळाली. खिडकीतून सोयाबीन निघालेली मोकळी रानं दिसत होती, मध्येच फुलावर आलेली तूर. एरवी मी हे सगळं डोळे भरून पाहिलं असतं. आज प्रत्येक थांब्यावर चढणाऱ्या माणसाच्या पिशवीचा राग येत होता.

किन्हीराजाला ताई दारातच उभी होती. मी फाट्यावरून येतो तोवर ती अंगण झाडून मोकळी झालेली. गुडघ्यांपायी वर्षानुवर्षं भिंत धरून चालणारी ही बाई लगबगीने पुढे आली.

"काहून आला रे एवढ्या लांबून? मी काय मरून राह्यली का?"

तिच्या दंडावर तळहाताएवढा काळानिळा डाग होता. विचारलं तर म्हणाली, बादली लागली. बादलीने एवढा डाग पडत नाही.

जेवायला कढी-गोळे (ताकाच्या कढीत शिजवलेले डाळीचे गोळे) होते. जेवण झाल्यावर तिने फळीवरून एक पुडी काढली, गरम पाण्यात ढवळली आणि माझ्याकडे पाठ करून पिऊन टाकली. वास मातकट, कडसर. पुडीवर सगळी चिनी अक्षरं.

"ही कोणी दिली?"

"इचारू नको. नाव घेतलं तं गुण जाते."

आमच्याकडे झाडपाल्याच्या औषधाचा हा जुना दंडक आहे. देणारा मुकाट्याने देतो, घेणारा मुकाट्याने घेतो. ताईने तो या चिनी पुडीलाही लावला होता.

"नागपूरच्या डॉक्टरांना सांगितलंस?"

"त्याईले कायले सांगू? अन् गुण आला न मले. गुडघे पाह्य."

गुडघे मी पाहिलेच होते. म्हणून तर माझी पंचाईत झाली. औषध खोटं असतं तर दोन शब्द सुनावून पुड्या उचलल्या असत्या. मोबाइल पुडीवर धरला, तर भाषांतर गोल गोल फिरत राहिलं; रेंज नव्हती. शेवटी मी चिडलो. म्हणालो, गुण जाईल तो जाऊ दे, ताई, तू जाशील त्याचं काय? तिने फळीवरच्या उरलेल्या पुड्या खाली काढल्या. मग म्हणाली, "मंगरूळपीरच्या सरलानं देल्ली."

सरलाकाकू म्हणजे तिथल्या कापडदुकानाच्या शेठाणी, जैन, ताईची शाळेतली मैत्रीण. उरलेल्या पुड्या पिशवीत घालून शेलूबाजारला गाडी बदलून आम्ही दोघं त्यांच्या दुकानात पोचलो. त्यांनी पाणी दिलं, चहा मागवला. मी चहाआधीच विषय काढला. त्यांचा मुलगा चीनमध्ये डॉक्टरकी शिकतो. तिथे जीभ पाहून ज्याचं त्याचं औषध ठरवतात; त्याने आईच्या सांधेदुखीसाठी तिथल्या वैद्याला तिच्या जिभेचा फोटो दाखवून हे औषध बनवून आणलं होतं.

"मग तुम्ही का नाही घेतलं?"

"निघाल्या साऱ्या मुळ्या," काकू म्हणाल्या. "आमाले कंदमूळ चालत नाई. सुंठ-हळद घेतो, पन हे कोन्तं मूळ, काय मालूम? पोरानं प्रेमानं आनली, फेकवत नोती. हिचे गुडघे दुखून राह्यले होते."

म्हणजे जीभ एकीची, पुडी दुसरीच्या पोटात. दोघींचा एकमेकींवर जीव, म्हणून कोणी काही विचारलं नाही. काकूंनी मुलाला व्हिडिओ फोन लावला. पुडीवरची नावं त्याने वाचली आणि 'दानशेन' या मुळाशी अडखळला. हे रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत घ्यायचं नसतं, तो म्हणाला, मावशींना लगेच दवाखान्यात न्या.

वाशीमची गाडी लगेच मिळाली, तरी रस्ता सरेना. ताई खिडकीशी बसली होती. वाटेत एकदाच म्हणाली, "गोळी अन् पुडी, दोनी बंद करू का?" मी म्हटलं, ते डॉक्टरांनाच विचारू.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, गोळीशिवाय दुसरं काही घेता का? मी तोंड उघडणार तोच ताईने माझ्या हातावर हात ठेवला. मग पिशवीतून पुडी काढून टेबलावर ठेवली.

"हे घेते मी. गुडघ्याईसाठी. कोनालेच नोतं सांगितलं."

रक्त तपासलं. ते जितकं पातळ हवं त्याच्या कितीतरी पुढे गेलं होतं. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, मुळी वाईट असं मी म्हणत नाही, तिच्यात जोर आहे म्हणूनच हे झालं. पुड्या आज बंद. गोळीचं आम्ही ठरवू, ती मनाने बंद केली तर झडपेवर रक्ताची गाठ धरेल. पुढे असलं काही घ्यावंसं वाटलं तर आधी इथे दाखवा, तुम्हाला तपासून औषध देणाऱ्या जाणत्याकडूनच घ्या आणि रक्त तपासत राहा. दोन दिवस तिला ठेवून घेतलं. रक्त ठिकाणावर आलं तेव्हा मी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

परतीच्या दिवशी मी नको नको म्हणत असताना ताई फाट्यापर्यंत सोडायला आली. पुड्या थांबून थोडेच दिवस झाले होते. ती पुन्हा भिंत धरत होती, भिंत संपली तिथे माझा खांदा. गाडी लांबून दिसली तेव्हा म्हणाली, "जीव वाचवला तू, ते बराबर. पन मी चालून राह्यली होती रे, दिल्या."

 गुडघ्यांसाठी हाडांच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे, एवढंच पुटपुटलो. येताना मला वाटलं होतं, एक चुकीची पुडी काढून टाकली की काम झालं. ती पुडी तिचे पाय होती हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. गाडीत बसल्यावर रडू आलं. खिडकीतून पाहिलं, तर ताई घराकडे वळत होती, आणि गाडी निघून वेग घेईपर्यंत तिचं वळणंच चाललं होतं.