न मानणाऱ्यांच्या दारावर

संशय घ्यायला मी भूकंपात शिकले. गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे गाव गेलं. आमच्या घरातून धाकटी बहीण गेली. पुढं कितीतरी महिने पत्र्याच्या शेडमध्ये काढले. मदतीचा ट्रक आला की भलतीच माणसं येऊन रांगेत उभी राहायची. मग माझे वडील आणि गावातली चार जाणती माणसं टेबल टाकून बसायची आणि एकेकाला विचारायची, "मारुतीच्या मागं कुणाचं घर होतं? विहिरीला पायऱ्या कोणत्या बाजूनं?" गावच्या माणसाला पटकन सांगता यायचं, बाहेरचा घाम पुसत बसायचा. मी अकरावीत होते. वडिलांच्या मागं उभी राहून मी तोंडं वाचायला शिकले.

त्याच शेडमध्ये एक महाराज आले. आईकडं बघून म्हणाले, "घरात कुणाच्या तरी हातून पाप घडलंय. त्याशिवाय लेकरू जात न्हाई." झालं! त्या दिवसापासून आई स्वतःचीच झडती घेत राहिली. कोणता उपास मोडला, कोणत्या सोमवारी काय शिवलं, नवस कुठला राहिला. मी मात्र त्याच दिवशी देव सोडला. रागानं सोडला बरं का, विचारबिचार सगळा मागून आला.

पुढं लातूरला आले, बायॉलॉजी शिकवायला लागले. बघता बघता गल्लीत किराणा दुकानं कमी आणि क्लासेस जास्त झाले. आमच्या क्लासमध्ये परीक्षेआधी सगळी हॉलतिकिटं सरस्वतीच्या फोटोपुढं ठेवायची पद्धत होती. मालक नारळ फोडायचे, पालक हात जोडायचे आणि आरती कोण म्हणणार? मी! आवाज बरा आहे म्हणून. नोकरी होती बाई. मॅडम देव मानत नाहीत असं एका पालकाला जरी कळलं असतं, तरी दुसऱ्या दिवशी समोरच्या क्लासमध्ये त्याच्या पोराचा प्रवेश झाला असता. पोटासाठी मी ताट ओवाळलं आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या.

मग एकदा फेसबुकवर मंतरलेल्या पेनाची पोस्ट बघितली. त्या पेनानं पेपर लिहिला की म्हणे मेडिकलला नंबर लागतोच. माझं डोकं सटकलं. खाली लिहिलं, "मग आम्ही दिवसभर घसा कशाला फोडतो?" तासाभरात निरोप आला. नांदेडचा एक तरुण, रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. एवढंच लिहिलं होतं: "मॅडम, तुम्ही पण?"

दुखणं विचारावं तसं विचारलं होतं त्यानं. पण त्या दोन शब्दांनी मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? वीस-बावीस वर्षांत असं कुणी विचारलंच नव्हतं.

त्याचा व्हॉट्सअपवर गट होता. घरच्यांनी उघडू नये म्हणून नाव ठेवलेलं "घरगुती पाककृती". लातूर, नांदेड, उदगीर, निलंगा, कुठकुठली वीसेक माणसं. प्रत्येकानं त्यासाठी वेगळं सिमकार्ड घेतलेलं. नाव सांगायचं नाही, फोटो टाकायचा नाही. पहिले आठ दिवस मला माहेरी आल्यासारखं वाटलं. नंतर कळलं की इथं प्रत्येक जण दुसऱ्याकडं तिरक्या डोळ्यानं बघून राहिला होता. एकानं बोलण्याच्या भरात "देवाशपथ" लिहिलं, तर त्याची दोन दिवस चौकशी चालली. आणि देव सोडला तरी आडनावाची खोड कुठं सुटते? सरळ विचारता येईना, मग गोड गोड प्रश्न: "मामा कुठले तुमचे?" मीही विचारला असेल. विचारलाच आहे.

माझा स्वभाव बघून लॅबवाल्यानं मला दारावर बसवलं. नवीन माणूस आला की मी तीन-चार प्रश्न विचारायचे, मग त्याला घ्यायचं की नाही ते ठरायचं. मला ते काम फार आवडलं. वडिलांची खुर्ची मिळाल्यासारखं वाटलं.

अशात एक गुरुजी आले. किनवटकडच्या आश्रमशाळेतून रिटायर झालेले, शेत चाकूरजवळ, राहायला नांदेडला. तीन गावं ऐकूनच माझे कान टवकारले. मी विचारलं, "वर कुणी नाही असं पहिल्यांदा कधी वाटलं?" बऱ्याच वेळानं उत्तर आलं: "वाटलं असं नाही. एक दिवस दिवा लावायचा राहिला, आणि संध्याकाळ रोजच्यासारखीच झाली."

अगं बाई! मी ते चारदा वाचलं. आवडलं, म्हणूनच खटकलं. इतकं नेमकं उत्तर खऱ्या माणसाला सुचत नाही, कुणीतरी शिकवून पाठवलंय, असं मला वाटलं. मी सरळ विचारलं, "तुम्ही देव मानता का?" उत्तर आलं, "आमच्या घरात देव मानत नाहीत." विचारलं होतं तुमचं, सांगून राहिले घराचं! मी ते टिपून ठेवलं, पण लॅबवाला म्हणाला, "घ्या हो मॅडम, म्हातारा माणूस हाय." घेतलं.

आठ दिवसांत गुरुजींनी गटात आपलं काम सांगितलं. बायको फार आजारी आहे, फार दिवस नाहीत. आपलं शरीर जाळू नका, मेडिकल कॉलेजला पोरांना शिकायला द्या, असं ती म्हणते. फॉर्म भरलेला आहे, पण तिच्या भावांना मान्य नाही. "तुमच्यापैकी एकानं एकदा घरी यावं. तिच्या तोंडून ऐकावं. आणि वेळ येईल तेव्हा भावांसमोर सांगावं, की हो, बाईंनी आम्हाला असंच सांगितलं होतं. एकच माणूस लागतो."

एकच माणूस. लातूरहून नांदेड एसटीनं किती लांब? मी बायॉलॉजीची बाई, माझीच पोरं त्या कॉलेजात शिकायला जातात. मीच पहिली उठायला पाहिजे होते. पण माझ्या मनात आलं ते असं: हा सापळा आहे. घरी बोलवायचं, कोण कोण येतं ते बघायचं, फोटो काढायचा आणि गावभर करायचा. बाकीच्यांनाही भीती होतीच, त्यांना माझा संशय सोयीचा पडला. मी लिहिलं, "आधी तुम्हा दोघांचा एखादा फोटो पाठवा."

त्यांनी बिचाऱ्यांनी नियम मोडून पाठवला. येळवसेचा होता. येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. त्या दिवशी लातुरात चिटपाखरू नसतं, सगळं शहर शेतात. आंबील प्यायची, भज्जी म्हणजे सगळ्या भाज्या-शेंगा एकत्र शिजवलेली भाजी खायची. फोटोत नवरा-बायको कडब्याच्या कोपीपुढं जेवायला बसलेले होते. मी फोटो मोठा केला. कोपीच्या आत चुना लावलेले पाच दगड, वर हळदीकुंकू, पुढं नैवेद्य. पाच पांडव!

सापडला, म्हटलं. गटात लिहिलं, "नास्तिक माणूस पांडवांना नैवेद्य दाखवतो का?" गुरुजींनी लिहिलं, "मॅडम, त्याचं सांगतो, जरा..." पुढचं मी वाचलंच नाही. काढून टाकलं. चार जणांनी मला अंगठे दाखवले, शाबासकीचे. आणि त्याच आठवड्यात मी क्लासमध्ये गळा काढून आरती म्हटली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

दीडेक महिन्यानं लॅबवाल्यानं गटात बातमी दिली. गुरुजींच्या बायकोचं रक्त त्याच्याच लॅबला येत होतं, नंतर त्याला ओळख पटली. बाई गेल्या. भाऊ गाडी घेऊन आले, बाईंना गावाकडं नेलं आणि सगळे विधी करून जाळलं. गुरुजी एकटेच अडवत होते, म्हणे.  मग एकानं लिहिलं, "शेवटी आस्तिकच निघाला ना!" मला फार राग आला त्याचा. आणि लगेच कळलं की तो नुसता माझ्याच ओळी मला वाचून दाखवत होता.

नंबर माझ्याकडं होता. फोन केला, कोण बोलतेय ते सांगितलं. मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "हाव मॅडम, या की," म्हणाले आणि पत्ता सांगितला. रविवारची एसटी धरली. चाकूर मागं पडलं तेव्हा एकदा वाटलं, उतरावं आणि परत जावं. उतरले नाही.

दोन खोल्यांचं घर. दार गुरुजींनीच उघडलं. कपाळाला गंध. आत भिंतीला देवघर, ताजी फुलं वाहिलेली. आणि सांगायला लाज वाटते, पण पहिल्यांदा मला काय वाटलं असेल? मी बरोबर होते, असं वाटलं. क्षणभर आनंद झाला.

"तुमचा संशय खराच होता, मॅडम," चहा पुढं ठेवून ते म्हणाले. "मी मानतो. लहानपणापासून मानतो. मानत नव्हती ती. 'आमच्या घरात' लिहिलं ते तिच्याबद्दलच, आम्ही बायकोला तसंच म्हणतो. तीस वर्षं एका घरात ऱ्हायलो. मी पूजा करायचो, ती पेपर वाचायची. येळवसेला यायची ते माझ्यासाठी अन् भज्जीसाठी. तुमच्या गटात ती सांगायची अन् मी टाइप करायचो. तिला बोट उचलत नव्हतं."

म्हणजे दिव्याचं ते वाक्य बाईंचं होतं. अशी बाई मी तीन तासांवर असताना जिवंत होती, बोलत होती, आणि मला पसंत पडली म्हणून मी तिच्यावर संशय घेतला. 

"मग मला का नाही सांगितलं तसं?" मी विचारलं.

"सांगणारच होतो. तुम्ही काढलं." ते चिडून बोलत नव्हते, हजेरी वाचावी तसं सांगत होते. "तिचे भाऊ म्हणाले, दाजी, तुम्ही सोता रोज पूजा करता, अन् आमची बहीण देव मानत नव्हती म्हणता? लोकं हसतील. असं मानत नसलेलं एक तरी माणूस दाखवा की! म्हणून एक माणूस मागत होतो. मी सांगून काय उपयोग, मी तर त्यांच्यातलाच."

मी माफी मागितली. काय बोलले ते आठवत नाही, रडत बोलले एवढं आठवतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

"तेरावं भावांनी घातलं गावाकडं," ते म्हणाले. "मी गेलो न्हाई. डोक्यावरचे केस पण काढले न्हाईत. तिला चाललं नसतं. पण मी मानणारा माणूस हाय, मॅडम. तिच्यासाठी माझ्या हातून कायच झालं न्हाई, हे लई टोचून राहिलंय. तुम्हाला एक विचारू का? तुमच्यात माणूस गेल्यावर काय करतात?"

"तुमच्यात." लग्नात, मौतीत सगळीकडं हा प्रश्न ऐकलेला. आमच्यात हे चालतं, तुमच्यात काय पद्धत? मी उत्तर शोधायला लागले. वर्षभर आम्ही वीस माणसं रोज बोलत होतो. कोण खरं, कोण पेरलेलं, कुणाचे मामा कुठले. मेल्यावर एकमेकांसाठी काय करायचं, हे एकदाही निघालं नव्हतं.

"काही ठरलेलं नाही, गुरुजी," मी म्हणाले.

"मग निदान भेटायला तरी येतात का?"

"येतात," मी म्हणाले.

माझ्याआधी आमच्यातलं त्या घरी कुणी आलं नव्हतं, आणि मी आले होते ती सगळं होऊन गेल्यावर. गुरुजींनी मान डोलावली. 'मग आमच्याकडं कुणी का आलं नाही?' असा उलटा प्रश्न त्यांनी मला विचारला नाही.