आधीवाली

आमच्या घरात आरसा नव्हता. बाप गेलेला. एका खोलीत आई, मी आणि नवऱ्याने टाकलेली माझी आत्याबाई. इतवारीच्या बाजारात तिची मिरची खपली तरच चूल पेटायची. तरी तिचं कुंकू कधी वाकडं लागलं नाही. म्हणायची, "आपलं तोंड आपल्याले मालूम रायते. पाहाले कायले पाह्यजे?"

एकदा एक फोटोवाला बाजारात आला आणि भिवापुरी मिरचीच्या ढिगामागे बसलेल्या तिचा फोटो काढून घेऊन गेला. मिरचीची जाहिरात निघणार, असं ती साऱ्या मोहल्ल्याला सांगत सुटली. पुढे आम्ही सिनेमाला गेलो. मध्यंतरात जाहिरातींच्या स्लाइडी दाखवत, त्यात तीच! "थे पाहा, मी व्हय!" ती उभी राहून ओरडली. पडद्यावर तिच्या शेजारी एक गोरीपान बाई हसत होती. आत्याबाईला वाचता येत नव्हतं.

"का लिहेल हाये वं?"

"तुह्याखाली 'आधी'. तिच्याखाली 'नंतर'. गोरं व्हायची क्रीम व्हय."

ती खाली बसली. म्हणाली, "आधी? पन मले तं काही झालंच नव्हतं."

दुसऱ्याच दिवशी घरात आरसा आला, आणि तीच क्रीम. क्रीम लावून ती मिरचीपाशी बसली. तिखटाची धूळ चिकटून गाल सुजले. मग ती पदराने तोंड झाकून, मुकाट बसू लागली. गिऱ्हाईक यायचं ते तिच्या बोलण्याने; तेच तुटलं. माझं कॉलेज सुटायची पाळी आली. "अवं, फेक ना थे क्रीम!" आई चिडायची. आत्याबाई फेकायची नाही, लावायचीही नाही. आरशापुढे बसून आपल्यात काय बिघडलंय ते शोधायची.

बाजाराने तिचं नाव 'आधीवाली' पाडलं. एक दिवस एका गिऱ्हाइकाने छेडलं, "काहून वं आधीवाले, नंतर कधी होशीन?"

पदर झटक्यात मागे गेला. "नंतरवाली मिरची इकते का? जाय, तिच्यापाशून घे!"

सारा बाजार हसला. त्या माणसाने मिरची तिच्याकडूनच घेतली.

मला वाटलं, सुटली. पण कधी ती पाहुण्यांना पडद्यावरची गोष्ट ऐटीत सांगायची, कधी तीच सांगताना रडायची. शेवटच्या आजारात म्हणाली, "तू शिकेल हायेस ना? मंग सांग, इतक्या बायांत त्या फोटोवाल्याले माह्यंच तोंड काहून दिसलं?"

एवढं खरं, की त्या गिऱ्हाइकाला सुनावल्यानंतर तिने बाजारात तोंड झाकलं नाही. तिच्या मिरचीवर मी बी.ए. झाले. आमच्या घरात पहिली.