चाचांची पुडी

चाचा बोलताना समोरच्या माणसाकडे बघायचे आणि खाली त्यांचे हात आपल्या मर्जीने काम करत राहायचे. वर्तमानपत्राचा चौकोन, त्यावर तुरीची डाळ, एक वळण, दोन कोपरे आत, वरून एक दुमड, की झाली पुडी. दोरा नाही, डिंक नाही, पिन नाही. पांढरकवड्याला जुन्या बसस्टँडच्या मागे त्यांचं किराणा दुकान. दुकानावर पाटी होती, पण ती वाचलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. सगळं गाव ‘पुडीवाल्या चाचांकडे’ जायचं. गेल्या उन्हाळ्यात चाचा गेले, म्हणून आता लिहिते आहे. ते असताना लिहिलं असतं, तर त्यांनी ते पान माझ्यासमोरच फाडून त्यात जिरं बांधलं असतं.

रद्दी आली की चाचा दुपारी ती चाळत बसत. गणपती, राम, मक्का-मदिना अशी चित्रं असलेली पानं बाजूला. आणि श्रद्धांजलीचे फोटो असलेली पानंही बाजूला. त्या पानांत ते काहीच बांधत नसत, घडी करून वरच्या फळीवर ठेवून देत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “कोनाचा तरी बाप हाय तो. त्याच्या तोंडावर हिंग बांधू काय मी?” निवडणुकीत हात जोडून उभ्या असलेल्या उमेदवारांना मात्र ही सवलत नव्हती. त्यांच्यात लाल तिखट जायचं, आणि तेवढी पुडी देताना चाचा गालातल्या गालात हसायचे.

पुडी बांधायला जो वेळ लागतो तो गिऱ्हाइकाचा, असं ते मानत. तेवढ्यात घरच्यांची विचारपूस व्हायची. पोरगी सासरी कशी आहे, म्हातारीचा खोकला थांबला का, विहिरीला पाणी किती. बाबा नागपूरला दवाखान्यात होते, त्या दिवसांत माझी आई घरात कुणाशी धड बोलत नसे. तहसील कचेरीत नोकरी केलेली करारी बाई, आपलं दुःख कुणाला दाखवायचं नाही हा तिचा खाक्या. पण त्या दिवसांत ती रोज किराणा आणायला जाई. एका दिवशी साखर, दुसऱ्या दिवशी साबुदाणा. आमच्या फळीवर साखरेच्या पुड्या साचत गेल्या. मला वाटलं, काळजीनं हिचं लक्ष उडालं. पुढे कळलं, की तिला साखर नको होती. पुडी बांधून होईपर्यंतचा वेळ हवा होता.

मग गावात पन्नी आली. प्लॅस्टिकच्या पिशवीला आमच्याकडे पन्नीच म्हणतात, मग ती कितीही जाड असो. हायवेला मोठं दुकान निघालं, तिथे माल आधीच पन्नीत भरून ठेवलेला. उचला आणि चालू लागा. लोकांना त्याचंच अप्रूप. चाचांचा मुलगा इरफान दुकानात बरोबरीने राबायचा. तो बापाच्या मागे लागला. “अब्बा, बारिश में कागज गल जाता है. लोगों को पन्नी होना.”

“कागज भीगता है, इसलिए आदमी सीधा घर जाता है,” चाचा म्हणाले. इरफाननं कपाळावर हात मारला.

मधे पन्नीवर बंदी आली तेव्हा बाजारात नुसती धावपळ. कुणी पोत्याखाली दडवतोय, कुणी माळ्यावर फेकतोय. चाचा तेवढे गल्ल्यावर बसून मजा बघत होते. पुढे बंदी सुस्तावली आणि पन्नी पुन्हा वर आली. आपल्याकडे हे असंच चालतं, त्यावर रागावून मी माझं रक्त किती आटवू?

आणि एके दिवशी चाचांना लकवा झाला. जीव वाचला, बोलणं शाबूत राहिलं, पण उजवा हात गेला. गल्ल्यावर इरफान आला आणि त्याच्याबरोबर पन्नीही आली. त्याला दोष देणार नाही मी. त्याला पुडी कधी साधलीच नव्हती, आणि गिऱ्हाईक तर समोर उभं. चाचा काही दिवस कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले. माल भरला जायचा, गिऱ्हाईक निघून जायचं, त्यांच्याशी बोलायला कुणी थांबत नव्हतं. मग त्यांनी दुकानात येणंच सोडलं. दिवसभर घरात पडून राहायचे, नीट जेवतही नव्हते. मी आणि आई भेटायला गेलो तर तिला म्हणाले, “तिथं बसून काय करू, मॅडम? पन्नीचं तोंड तं कोनीबी उघडते.”

परत येताना आईनं दोनदा वळून चाचांच्या घराकडे पाहिलं. मी ओळखलं, आता ही काहीतरी करणार. दुसऱ्या दिवशी तिनं मला स्कूटर काढायला लावली आणि थेट दुकानात जाऊन इरफानला सांगितलं, “अर्धा किलो साखर दे. पन्नीत नको. चाचाले बोलव.”

“काकू, त्यांचा हात...”

“हात माहा हाय. त्याईनं फक्त सांगावं.”

इरफान त्यांना धरून घेऊन आला. आईनं कागद पसरला, साखर ओतली, आणि जी काही पुडी बांधली तिला पुडी म्हणणं हा पुडीचा अपमान होता. चाचांना ते बघवेना. “अवो मॅडम, काहून कागदाचा गळा दाबून राह्यल्या? कोपरा आत घ्या. आत!” आणि मग, इतक्या दिवसांनी, “गुडघा कसा हाय तुमचा?” आई गुडघ्याबद्दल बोलत राहिली. मागे उभ्या असलेल्या बाईनं इरफानच्या हातातली पन्नी परत केली आणि आपल्यासाठी कागद मागितला. मला तिथे भरून आलं, उगाच खोटं कशाला बोलू.

चाचा रोज येऊ लागले. लोकांना शिकवता शिकवता डाव्या हाताने स्वतःही खटपट करू लागले. बऱ्याच दिवसांनी एका संध्याकाळी त्यांनी आपल्या डाव्या हाताची पहिली पुडी आईला दिली. वाकडीतिकडी, एका अंगाला फुगलेली. ती घरी पोहोचायच्या आतच सुटली. सकाळी मी स्कूटरच्या डिक्कीतून साखर झाडली, मुंग्यांसकट.

त्याच दिवशी आम्ही पुन्हा दुकानात गेलो. चाचा वाटच बघत होते.

“काल पुडी सुटली तं नाही नं, मॅडम?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी कधी कुणाला विचारला नव्हता. मी आईकडे पाहिलं. कचेरीत साहेबांचंही खोटं जिनं कधी चालू दिलं नाही, ती माझी आई चाचांच्या नजरेला नजर देत म्हणाली, “सुटते कायची? कात्रीनं कापा लागली.”

चाचा खुर्चीत सरळ झाले. डाव्या हाताने त्यांनी कागद पुढे ओढला.

“बोला,” ते म्हणाले, “आज काय बांधू?”